पाचवीची रात्र

दिवाळीच्या अंकात दुखण्याखुपण्याचा विषय काढू नये, असा एक शिष्टाचार आहे. फराळाची बशी शेजारी ठेवून, पाय पसरून वाचावयाच्या अंकात इस्पितळाचा वास कशाला, असे कुणी म्हटले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण मुले काही पंचांग पाहून जन्माला येत नाहीत. ऐन धनत्रयोदशीला ज्यांच्या घरात बाळंतीण आहे, चकलीचे डबे शेजारणींनी भरून दिले आहेत आणि घरातल्या माणसांचे सारे लक्ष पाळण्याकडे लागलेले आहे, अशी घरे आपल्या वाचकांत पुष्कळ निघतील. आजचे सदर त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी करंजी खात खात वाचले तरी हरकत नाही. ज्या बाळाची हकीकत पुढे येणार आहे ते आता चालू लागले असून घरातल्या पातेल्यांची झाकणे वाजवण्यात दंग आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

आपल्याकडे पाचवी पुजतात. जन्मानंतरच्या पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते. कुठे ती सहाव्या रात्री होते. कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. दिवा रात्रभर तेवत ठेवायचा आणि घरातल्या जाणत्या बायकांनी बाळ-बाळंतिणीजवळ जागत बसायचे. शिकलेली मंडळी ह्याला हसतात. मला हसू येत नाही. पूर्वी नाळ कापायला हाताशी येईल तो विळा नाही तर कोयता घेत, आणि त्यावर राख नाही तर शेण लावण्याची चाल कित्येक ठिकाणी होती. त्यातून होणारा धनुर्वात तिसऱ्या दिवसापासून पुढे पंधरवड्याच्या आत केव्हाही गाठायचा. काल झटझट दूध ओढणारे मूल आज ओढीनासे व्हायचे, त्याचा जबडा मिटायचा, अंग ताठायचे. अशी मुले ज्यांनी आपल्या मांडीवर गमावली त्या बायकांना जंतू ठाऊक नव्हते, पण दिवस ठाऊक होते. नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत मूल निभावले म्हणजे मग त्याचे नाव ठेवण्याची गोष्ट.

आयांना दिलेल्या लशी, स्वच्छ पाते आणि इस्पितळातली बाळंतपणे ह्यांनी हा धनुर्वात हटवला. तो आपल्या देशातून सार्वजनिक प्रश्न म्हणून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मान्य केले. ह्या बातमीचा गाजावाजा फारसा झाला नाही. क्रिकेटचा एखादा सामना जिंकल्यावर जेवढे फटाके उडतात त्याच्या शतांशानेही तेव्हा उडाले नाहीत, ही आपली तऱ्हा.

पण पाचवीची रात्र मात्र गेलेली नाही. हल्ली ती पुष्कळ घरांत निळ्या दिव्याखाली जाते.

तान्ह्याची कावीळ म्हणतात ती हीच. पुरे दिवस भरून जन्मलेल्या 100 मुलांपैकी साठेक मुले पहिल्या आठवड्यात कमीजास्त पिवळी दिसतात. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण ऐंशीपर्यंत जाते. म्हणजे न पिवळी पडणारी मुलेच थोडी. तरीही ‘कावीळ’ हा शब्द कानी पडताच घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या माणसाची कावीळ उभी राहते, आणि मग कुठल्याशा गावची माळ, कुठल्याशा वैदूचे पाळेमुळे ह्यांची चर्चा सुरू होते. ही कावीळ निराळी. ती कुणाची लागत नाही, कुणाला लागत नाही.

पोटातल्या मुलाला प्राणवायू हवेतून मिळत नाही, आईच्या रक्तातून मिळतो, आणि तो बेताचाच असतो. म्हणून त्याच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक असतात. जन्मल्याबरोबर श्वास सुरू झाला की एवढ्या पेशींची गरज उरत नाही. शिवाय तान्ह्याच्या पेशींचे आयुष्यही मोठ्यांच्या पेशींहून कमी. त्या भराभर मोडू लागतात. मोडीतून जे पिवळे द्रव्य निघते त्याला बिलिरुबिन म्हणतात. ते यकृताने पाण्यात विरघळेल असे करावे आणि पित्तातून बाहेर टाकावे, अशी शरीराची व्यवस्था आहे. आजवर हे काम वारेतून आईकडे जात होते, आईचे यकृत दोघांचे केर काढीत होते. आता ते बाळाच्या नव्या यकृतावर येऊन पडते आणि ते अजून कामाला सरावलेले नसते. केर साचतो, कातडी पिवळी दिसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी हा रंग चढतो आणि बहुतेकांच्या बाबतीत पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप ओसरतो. पाचवीची रात्र आणि ह्या पिवळेपणाचा कळस एकाच सुमारास यावा, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटतो.

थोड्या मुलांत मात्र हे द्रव्य इतके साचते की ते मेंदूत शिरण्याचा धोका असतो. तिथे ते शिरले म्हणजे झालेले नुकसान भरून येत नाही. बहिरेपणा, हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली जन्मभर मागे राहतात. ह्या थोड्यांना वेळेवर हेरावे, एवढ्यासाठीच साऱ्या तपासण्या आणि सारे दिवे. आईबापांना ही गोष्ट कुणीतरी बसून सांगायला हवी. ती सांगितली जात नाही. त्याऐवजी दोन शब्द सांगितले जातात : ‘घाबरू नका.’

माझ्या ओळखीतल्या एका मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी झाले. मुलगी झाली, सदतिसाव्या आठवड्यात, वजन बरे. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी मावशी बाळ बघायला आली. तिने दुपटे उलगडले, बाळाला खिडकीशी नेले आणि म्हणाली, “अगं, ही पिवळी दिसतेय. आणि केव्हाची झोपलीय?” केव्हाची, हे कुणाला नीटसे सांगता येईना. दुपारपासून उठवले तरी दोन घोट घेऊन डोळे मिटत होती. ‘शांत मूल आहे’ म्हणून घरात कौतुकच चालले होते. मावशीने रिक्षा बोलावली. ह्या मावशींना मी अजून भेटलेलो नाही, पण भेटलो तर नमस्कार करीन.

रुग्णालयात टाचेतून रक्त घेतले. आकडा आला 18. डॉक्टर म्हणाले, “लाइटखाली ठेवावं लागेल. घाबरू नका,” आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेले. बाळाला आत नेले, दार लागले. बाहेरच्या बाकावर टाके ओले असलेली आई, शेजारी तिची आई, आणि दुसऱ्या गावाहून रात्रीची एस.टी. पकडून निघालेला बाप, असा तो संसार. 18 म्हणजे किती? कशाच्या मानाने? दिव्याने भाजते का? मूल उपाशी आहे का? विचारायचे कुणाला? आई नंतर मला म्हणाली, “मला वाटलं, घाबरू नका असं ज्याअर्थी म्हणतायत त्याअर्थी घाबरण्यासारखंच काहीतरी असणार.” तिचे तर्कशास्त्र बिनचूक होते.

डॉक्टरांवर माझा राग नाही. एका रात्रीत तीस मुले पाहणाऱ्या माणसाकडून प्रवचनाची अपेक्षा करू नये. पण ‘घाबरू नका’ हे सांगायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ‘बारा तासांनी पुन्हा रक्त पाहू, तोवर दर दोन तासांनी आत येऊन पाजा’ हेही सांगून होते. भिणाऱ्या माणसाला धीर देण्यापेक्षा काम द्यावे. हातात काम आले की भीती कुठे जात नाही, पण ती शेजारी गप्प बसते. त्या रात्री हे ओळखले ते कुण्या पुस्तकी पंडिताने नव्हे. दोनच्या सुमारास पाळीवरच्या परिचारिकेने दार अर्धे उघडले आणि म्हटले, “ताई, इथे का बसलात? बाळाला पाजायचं नाही का? चला आत.” आईने सांगितले की तिला रडू आले ते त्या वेळी पहिल्यांदा, तोवर ते घशातच होते.

आकड्याविषयी थोडे सांगतो, कारण नातेवाईक फोनवरून आकडाच आधी विचारतात आणि मग आपापल्या मुलांचे आकडे सांगतात. “आमच्या बंड्याला 14 होती, काही नाही केलं!” ह्या तुलनेला अर्थ नाही. एकच आकडा निरनिराळ्या वयाच्या मुलाला निराळा. 12 हा आकडा जन्मल्यावर पहिल्याच दिवशी आला तर दिवा लावावा लागतो. धडधाकट, दिवस भरलेल्या मुलाला तोच पाचव्या दिवशी आला तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. मुलाचे वय ते तासांत मोजतात आणि तक्त्यावर पाहतात. किती आठवड्यांचे जन्मले, रक्त लवकर मोडण्याचे काही कारण आहे का, हेही धरतात. तेव्हा बाळाचे वय किती तासांचे, ह्या वेळेला दिव्याची रेषा कितीवर आणि पुढची तपासणी केव्हा, असे तीन प्रश्न बापाने विचारावेत. ते विचारले म्हणून कुठलाही चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट समोरचा माणूस ऐकतो आहे हे पाहून थोडा बसतो.

त्या निळ्या दिव्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे आणि ती एका परिचारिकेची आहे. इंग्लंडात एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या बाई अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा विभाग सांभाळीत. मोकळी हवा आणि ऊन ह्यांवर त्यांची श्रद्धा. ऊबदार दिवशी त्या नाजूक मुलांना खुशाल बाहेर चौकात घेऊन जात आणि डॉक्टरांची फेरी यायच्या आत परत आणीत. 1956 च्या उन्हाळ्यात फेरीच्या वेळी त्यांनी जरा संकोचतच डॉक्टरांना एक मूल उघडे करून दाखवले. अंग फिकट, आणि मधेच एक त्रिकोणी तुकडा पिवळाधमक. डॉक्टरांना वाटले, काही औषध फासले आहे. बाईंनी सांगितले की तेवढ्या भागावर चादरीचे टोक पडले होते. म्हणजे पिवळा राहिलेला त्रिकोण हा मुळातला रंग, आणि बाकीचे अंग उन्हाने निवळलेले. पुढे काही आठवड्यांनी काविळीच्या एका मुलाच्या रक्ताची नळी खिडकीत उन्हात तशीच राहिली, आणि तपासली तेव्हा आकडा भलताच कमी निघाला. तिथल्या डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या दोन्ही गोष्टींची संगती लावली, दिव्यांचा पाळणा तयार केला आणि 1958 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले. त्याआधी काविळीचा आकडा फार चढला की बाळाचे जवळजवळ सारे रक्त बेंबीच्या शिरेवाटे थोडे थोडे काढून दुसऱ्याचे भरणे, हाच उपाय हाती होता. तो आजही अगदी चढलेल्या काविळीत करावा लागतो, पण विरळा.

निळ्या उजेडाने कातडीतल्या बिलिरुबिनाचा घाट बदलतो आणि ते यकृताची वाट न पाहता पित्तातून, लघवीतून निघून जाऊ लागते. हा उजेड अतिनील किरणांचा नव्हे. त्याने भाजत नाही. बाळाचे डोळे पट्टीने झाकतात ते उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून. ती पट्टी आणि उघडे अंग पाहून आयांच्या पोटात कालवते, त्याला इलाज नाही. ह्या काळात शी हिरवट आणि पातळ होते. ती पाहून घाबरण्याऐवजी आनंद मानावा, कारण साचलेला केरच बाहेर पडत असतो.

“मग घरच्या कोवळ्या उन्हात धरलं तर?” असे आजी विचारतेच, आणि सिस्टर वॉर्डच्या गोष्टीने तिची बाजू बळकटही होते. पण ऊन मोजता येत नाही. किती वेळ, किती उघडे, किती पुरे, हे कळत नाही. उघडे मूल एकीकडे गारठते, दुसरीकडे कातडी भाजते. कार्तिकातल्या थंडीत तर हा प्रयोग नकोच. आणि मुख्य धोका असा की उन्हात धरतो आहोत ह्या समाधानात तपासणीचा दिवस टळतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिच्याकडे येतो. त्या बाकावर, त्या रात्री, आणि पुढचे दोन दिवस भेटायला येणाऱ्यांनी आईला काय काय विचारले त्याची यादी तिने मला सांगितली. पिवळे काय खाल्ले होतेस? केशर घेत होतीस का? हळद फार झाली असेल. दूध बाधले असेल, अंगावरचे बंद कर. एकीने तर, डोहाळजेवणाला पिवळी साडी नेसली होती ह्याची आठवण काढली. कुणाच्या मनात वाकडे नव्हते. कारण सापडले की माणसाला बरे वाटते, आणि कारण शोधायला आईसारखी सोयीची जागा दुसरी नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवसाची बाळंतीण म्हणजे ओली जखम असते. तिने ह्यातले एकेक वाक्य खरे मानले, आणि पाजायला बसली की हात कापू लागले.

हळदीने, केशराने, साडीने बाळाला कावीळ होत नाही. जिथे कारण सापडते तिथे ते बहुधा रक्ताच्या गटात असते. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईचे रक्त बाळाच्या पेशींवर उठते. त्यावरचे इंजेक्शन 1968 पासून उपलब्ध आहे आणि वेळेवर दिले तर पुढच्या मुलाचा धोका टळतो. आई ‘ओ’ गटाची आणि बाळ ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे असले तरी काही वेळा असे घडते, थोडे सौम्यपणे. काही मुलांत, विशेषतः मुलग्यांत, तांबड्या पेशींत एक पाचक द्रव्य जन्मतः कमी असते. अशा मुलाला डांबराच्या गोळ्यांचा वासही बाधतो. आपण मोठ्या हौसेने थोरल्याची दुपटी, टोपडी, झबली गोळ्या घालून ट्रंकेत जपून ठेवतो आणि धाकट्याच्या वेळी तशीच काढून गुंडाळतो. ती आधी धुऊन उन्हात चांगली वाळवावीत. बाळंतिणीच्या खोलीत तर त्या गोळ्या ठेवूच नयेत. ही एवढी एक गोष्ट घराच्या हातातली.

आणि दुसरी दुधाची. अंगावरचे तोडणे हा ह्या काविळीवरचा सर्वांत उलटा उपाय. बिलिरुबिन बाळाच्या पहिल्या काळ्या शीतून बाहेर पडते. पोटात दूध गेले नाही तर शी होत नाही, आणि आतड्यात राहिलेले ते द्रव्य पुन्हा रक्तात शोषले जाते. चीक काढून टाकायचा, तीन दिवस मध नाही तर गूळपाणी चाटवायचे, ही जुनी रीत म्हणूनच घातक. मध तर वर्षाच्या आतल्या मुलाला मुळीच देऊ नये. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. झोपाळू मुलाला उठवून, तळपाय चोळून, कपडे सैल करून पाजावे. दूध पुरते आहे की नाही ते लंगोट सांगतात : पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाकाठी सहा तरी ओले झाले पाहिजेत. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, ते दहाव्या-चौदाव्या दिवसापर्यंत भरून येते. एवढे माहीत असले की ‘दूध येत नाहीये तुला’ ह्या शेरेबाजीला लंगोटांचा हिशेब पुढे करता येतो.

बापांविषयी आपल्याकडे कुणी लिहीत नाही. त्या मुलीचा नवरा पहाटे पाचला एस.टी.तून उतरला तो थेट पैशांच्या खिडकीशी गेला. पुढचे दोन दिवस तो औषधाचे दुकान, रक्ताची प्रयोगशाळा आणि जिना ह्यांच्यामध्ये होता. त्याला कुणी आत बोलावले नाही, आणि ‘तू कसा आहेस’ असेही कुणी विचारले नाही. दुसऱ्या रात्री सासऱ्यांनी त्याच्या हातात चहाचा पेला दिला आणि काही न बोलता शेजारी बसले. त्याने मग एका वहीत दर पाजण्याची वेळ, शीची वेळ, लघवीची वेळ, रक्ताचा आकडा असे लिहायला घेतले. नोकरी बँकेतली, त्यामुळे रकाने सुरेख आखलेले. सकाळच्या फेरीला डॉक्टरांनी ती वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या सारी वाचली. आकडा 18 वरून 15 वर, मग 11 वर आला होता.

जाता जाता खर्चाचे. सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात मुलांची तपासणी, औषधे, उपचार आणि नेआण 2011 पासून विनामूल्य आहे. जिल्हा रुग्णालयांत त्यांच्यासाठी खास कक्ष असतो. ‘काचेच्या पेटीत’ ठेवावे लागेल असे ऐकल्याबरोबर मंगळसूत्राकडे हात जाण्यापूर्वी हे आठवावे.

घरी नजर कशी ठेवावी, ह्याचा मोठा धडा महाराष्ट्रातल्याच एका कोपऱ्याने साऱ्या देशाला दिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी ‘सर्च’ संस्थेच्या वतीने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. पाजणे, ऊब, स्वच्छता, धोक्याच्या खुणा आणि जंतुसंसर्गावरचे औषधसुद्धा. त्या गावांतले नवजातांचे मृत्यू, तशी सोय नसलेल्या शेजारच्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी कमी झाले. हा वृत्तान्त 1999 च्या डिसेंबरात त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे 2011 पासून देशभरच्या आशा-ताई घरोघर बाळ पाहायला जाऊ लागल्या. इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडे त्या 42 दिवसांत सहा वेळा येतात. कित्येक सुशिक्षित घरांत त्यांना दारातूनच परत पाठवतात, ते करू नये.

बंग दांपत्याचे एक साधन मला फार आवडते. लिहितावाचता न येणाऱ्या बाईलाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी असा संच केला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. घाबऱ्या घरात बसून मणी सरकवणारी बाई मी डोळ्यांसमोर आणतो तेव्हा मला पाचवीचा दिवा आठवतो. दोन्हींत माणूस बाळाकडे टक लावून पाहतो, फक्त एकीला काय पाहायचे ते ठाऊक आहे.

तर काय पाहायचे? दिवसाउजेडी, खिडकीशी, कपाळ, छाती, पाय बोटाने दाबून क्षणभर कातडी कशी दिसते ते. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. सावळ्या मुलाचे डोळ्यांतले पांढरे आणि हिरड्या पाहाव्यात. पहिल्या चोवीस तासांतच पिवळे दिसले, किंवा केव्हाही तळहात-तळपाय पिवळे झाले, तर त्याच घटकेला निघावे. दूध ओढेनासे झाले, हलवूनही जागे होईना, रडण्याचा सूर किंचाळल्यासारखा झाला, अंग मागे कमानीसारखे ताणू लागले, आचके आले, ताप आला किंवा अंग गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, तरीही तेच. श्वास पुरे एक मिनिट मोजावेत. साठ किंवा त्याहून अधिक आले तर पुन्हा एकदा मोजावेत, आणि तरीही तेवढेच असतील तर निघावे. मुहूर्त, अमावास्या, लक्ष्मीपूजन पाहू नये. आणि एक खूण अगदी निराळी : पंधरा दिवस उलटूनही पिवळेपणा राहिला, शी पांढरट मातकट आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पित्ताची वाटच बंद असण्याचा संभव असतो. जपानी शल्यविशारद मोरिओ कसाई ह्यांनी 1959 साली जगापुढे ठेवलेली शस्त्रक्रिया त्यावर आहे, परंतु ती दोन महिन्यांच्या आत झाली तर तिचा गुण अधिक. बाळसे धरलेले, हसणारे मूल पाहून ह्या शीकडे दुर्लक्ष होते, म्हणून मुद्दाम लिहिले.

तिसऱ्या दिवशी बाळ घरी आले. दिवा बंद झाला की कातडीचा पिवळेपणा पुरता गेलेला नसतो, एकदोन दिवसांनी आकडा पुन्हा पाहतात. तोही बरा आला. सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला, आई सोडून. ती रात्री तीन-तीनदा उठून बाळाच्या नाकाशी हात धरी. तान्ह्याचा श्वास नियमित नसतो. पाच-दहा सेकंद थांबून तो पुन्हा भराभर सुरू होतो. हे तिला कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे त्या प्रत्येक पाच सेकंदांत तिचा प्राण जात होता. “आता बरी आहे ना ती? मग रडतेस कशाला?” असे घरातले विचारीत. धोका टळल्यावरच रडायला सवड मिळते, हे तिच्या आजीने ओळखले. आजी आठ दिवस तिच्या खोलीत निजायला गेली. रात्री बाळ पाजून झाले की आजी म्हणायची, “आता तू डोळे मीट. मी जागी आहे.” आणि खरोखरच जागी राहायची. महिना उलटूनही झोप येईना, अन्न जाईना, मुलाकडे पाहवेना असे झाले तर मात्र आजीचे काम पुरे होत नाही. बाळंतिणीच्या त्या खिन्नतेला औषधोपचार आहेत आणि ती डॉक्टरांपुढे मांडण्यात लाज नाही.

राहता राहिली कानांची तपासणी. ज्यांचा आकडा फार वर गेला होता, विशेषतः ज्यांचे रक्त बदलावे लागले, त्या मुलांचे कान यंत्रावर तपासून घ्यावयाचे असतात. मूल झोपलेले असताना होते ती, दुखत नाही. खुळखुळा वाजवून घरी केलेली परीक्षा तिच्या जागी चालत नाही. बारशाच्या गडबडीत ती हमखास विसरते. तिची तारीख रुग्णालयाच्या कागदावर, औषधांच्या यादीखाली, अगदी तळाशी लिहिलेली असते.